रिकाम्या खोलीला कुलूप: ३७ क्लाउड अकाउंटांच्या पासवर्ड पॉलिसीचं प्रकरण

ऑडिटच्या अहवालात आमच्या वाट्याला एकच परिच्छेद आला होता. सगळ्या क्लाउड अकाउंटांत पासवर्डची किमान लांबी १४ अक्षरं हवी, मागचे २४ पासवर्ड पुन्हा वापरता येता कामा नयेत, दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागला पाहिजे, आणि यातलं काहीही कुठल्या टीमला परस्पर सैल करता येऊ नये. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "एक एससीपी टाकली की विषय संपला." एससीपी म्हणजे सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी: अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडमध्ये अनेक अकाउंटांवर एकदम लावता येणारी मनाई. त्याच संध्याकाळी ती लिहून झाली, ऑर्गनायझेशनच्या (एकत्र बांधलेल्या अकाउंटांच्या गटाच्या) मुळाशी जोडून झाली आणि ट्रॅकरवरचं काम हिरवं झालं.

चार दिवसांनी एका प्रॉडक्ट टीमचा मेसेज आला. "आम्ही पासवर्डची लांबी ८ वरून १४ करायला गेलो, तर अ‍ॅक्सेस डिनाइड येतंय. तुम्हीच करायला सांगितलं होतं ना?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. जी अकाउंटं ढिली होती, ती ढिली असतानाच आम्ही कुलूप लावून मोकळे झालो होतो.

## अकाउंटं होती कशी

एकूण ३७ अकाउंटं, सगळी एकाच एडब्ल्यूएस ऑर्गनायझेशनखाली. त्यातलं एक मॅनेजमेंट अकाउंट, म्हणजे बाकीच्यांचा कारभार पाहणारं, आणि उरलेली ३६ मेंबर. बरीचशी एका ठरलेल्या साच्यातून निघालेली होती. डझनभर मात्र ऑर्गनायझेशन्स ही सेवा २०१७ मध्ये सुरू झाली त्याच्याही आधीची. ज्याला जेव्हा गरज पडली तेव्हा त्याने उघडलेली आणि नंतर निमंत्रण पाठवून आत घेतलेली. रोजचं लॉगिन आयडेंटिटी सेंटरमधून, म्हणजे सगळ्या अकाउंटांसाठीच्या एकाच सामाईक दारातून होत असे. तरी जुन्या अकाउंटांत थेट आयएएम युजर (त्या एका अकाउंटापुरते, स्वतःचा पासवर्ड असलेले युजर) उरलेच होते. कुणी सोडून गेलेल्या सल्लागाराचा, कुणी "इमर्जन्सीसाठी" ठेवलेला, आणि दोन तर असे की ते कोणाचे हे कोणालाच सांगता येईना.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगतो. एडब्ल्यूएसमध्ये आयएएमची पासवर्ड पॉलिसी अकाउंटागणिक असते. ऑर्गनायझेशनच्या पातळीवर ती ठेवायला जागाच नाही. ३७ अकाउंटं म्हणजे ३७ वेगळ्या पॉलिसी, आणि प्रत्येक पॉलिसी त्या त्या अकाउंटातल्या आयएएम युजरांपुरती. रूट युजरला, म्हणजे अकाउंटाच्या सर्वाधिकारी मूळ लॉगिनला, ती लागू होत नाही. आयडेंटिटी सेंटरमधून येणाऱ्यांनाही नाही; त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीतले पासवर्डचे नियम ठरलेले आहेत, त्यात आपल्याला फेरफार करता येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवरून आलेल्या सहकाऱ्याला हे फार विचित्र वाटलं. तिकडे कितीही सबस्क्रिप्शन असली तरी ओळख एन्ट्रा या लॉगिन-सेवेत, संस्थेच्या टेनंटमध्ये एकाच जागी असते, त्यामुळे हा प्रश्न या रूपात उद्भवतच नाही. इकडे प्रत्येक अकाउंट हे स्वतंत्र घर आहे आणि दाराची कडी ज्याने त्याने लावायची आहे.

## कुलूप म्हणजे काय आणि काय नाही

आमच्या पहिल्या एससीपीत दोनच क्रियांना मनाई होती: ‘अपडेट अकाउंट पासवर्ड पॉलिसी’ आणि ‘डिलीट अकाउंट पासवर्ड पॉलिसी’. अपवाद एकही नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात हिशोब सरळ होता: कोणाला हात लावता आला नाही, तर कोणाला सैलही करता येणार नाही.

पण एससीपी फक्त "नाही" म्हणू शकते. ती परवानगी देत नाही, कुठलंही सेटिंग भरत नाही. मेंबर अकाउंटात जास्तीत जास्त काय करता येईल याची ती वरची मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत कोणीतरी प्रत्यक्ष काम करायचं असतं, आणि ते कोणीच केलेलं नव्हतं.

मग पुढचा विचार साहजिकच सुचतो: लांबी १४ पेक्षा कमी करणाऱ्यालाच अडवू, वाढवणाऱ्याला जाऊ देऊ. आम्हीही तसंच करायला गेलो आणि अर्धा दिवस घालवला. या क्रियेला लांबी किंवा मुदत यांवर बोट ठेवता येईल अशी कंडिशन की, म्हणजे नियमात अट घालायची खूणच नाही. एससीपीला कोण विचारतंय हे कळतं; तो काय आकडा टाकतोय हे कळत नाही. त्यामुळे दार सगळ्यांना बंद ठेवायचं आणि ठरावीक एकालाच आत सोडायचं, एवढीच वाट उरते. हा एक कोण, यावर या प्रकरणाचा निम्मा वेळ गेला.

पहिलं काम म्हणजे ती एससीपी काढणं. तांत्रिकदृष्ट्या मिनिटाचं काम, पण परवानगी मिळायला दोन दिवस लागले. "ऑडिट चालू असताना तुम्ही कंट्रोल काढणार?" या प्रश्नाला आमच्याकडे गोड उत्तर नव्हतं. शेवटी त्या एससीपीमुळे अडलेल्या टीमचा मेसेज तसाच दाखवला. पॉलिसी सुधारू पाहणारे अडकले होते आणि जी अकाउंटं कधी कोणी उघडूनही पाहिली नव्हती त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. संमती मिळाली.

## मोजणीत न दिसलेली अकराजणं

कुलूप निघाल्यावर आधी आहे ती स्थिती पाहायची ठरली. एका नव्या सहकाऱ्याने स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक अकाउंटात जाऊन पासवर्ड पॉलिसी वाचायची आणि एका तक्त्यात मांडायची. तक्ता आला, छान रंगीत, पण ओळी २६.

"अरे, उरलेली अकरा कुठे गेली?"

"त्यांत एरर येत होती, म्हणून वगळली."

त्या एररमध्येच उत्तर होतं. अकाउंटात कोणी स्वतःची पॉलिसी कधी ठरवलेलीच नसेल, तर पॉलिसी वाचायला गेल्यावर ‘नो सच एंटिटी’ असं उत्तर येतं, म्हणजे अशी वस्तूच इथे नाही. स्क्रिप्टने ते तांत्रिक अडथळा समजून सोडून दिलं होतं. ज्या ११ अकाउंटांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तीच अहवालातून गायब.

तिथे अगदीच मोकळं रान असतं असंही नाही. स्वतःची पॉलिसी नसलेल्या अकाउंटाला एडब्ल्यूएसची मूळ पॉलिसी लागू असते: किमान ८ अक्षरं, आणि मोठी अक्षरं, लहान अक्षरं, अंक, चिन्हं या चारपैकी किमान तीन प्रकार. पासवर्ड कालबाह्य मात्र कधीच होत नाही. १४ च्या तुलनेत कमीच, पण शून्यही नाही. हे ८ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हापासून आम्ही एक सवय लावून घेतली. कुठलाही अहवाल आला की आधी ओळी मोजायच्या, मग रंग पाहायचे.

## अर्धवट बदलाचा सापळा

पॉलिसी बदलणारी ‘अपडेट’ क्रिया नावाप्रमाणे वागत नाही. आपण दिलेल्या गोष्टी बदलून बाकीच्या तशाच ठेवेल, असं नाव वाचून कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जी किंमत आपण देत नाही, ती एपीआयच्या (प्रोग्रामने सेवेला हुकूम द्यायच्या मार्गाच्या) मूळ किमतीवर जाते. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्ही ते नंतर वाचलं.

चाचणीच्या अकाउंटात आम्ही फक्त दोन गोष्टी पाठवल्या: लांबी १४ आणि मागचे पासवर्ड २४. दोन्ही बसल्या. पण त्या अकाउंटात आधीपासून असलेली अंकांची सक्ती, चिन्हांची सक्ती आणि मुदत, तिन्ही एका फटक्यात उडाली. त्यांच्यासोबत ‘युजरला स्वतःचा पासवर्ड बदलू द्या’ हा पर्यायही बंद पडला, कारण त्याची एपीआयमधली मूळ किंमत ‘नाही’ अशी आहे. कडक करायला गेलो आणि लोकांना स्वतःचा पासवर्ड बदलण्याची मुभाच काढून घेतली.

यापेक्षाही मजेशीर प्रकार एका जुन्या अकाउंटात सापडला. तिथे कोणीतरी पूर्वी फक्त ‘चिन्ह हवंच’ एवढंच पाठवलं होतं. एपीआयमध्ये किमान लांबीची मूळ किंमत ६ आहे. म्हणजे ज्या अकाउंटाला हात लावला नसता तर ८ अक्षरं लागली असती, तिथे सुरक्षा वाढवण्याच्या भरात ६ वर येऊन थांबलं होतं. मोजणीच्या तक्त्यात ते अकाउंट ‘पॉलिसी आहे’ म्हणून हिरवं दिसत होतं, ही वेगळीच गंमत.

म्हणून पुढे नियम केला की पॉलिसी नेहमी पूर्ण पाठवायची. लांबी, चारही अक्षरप्रकार, मुदत, जुन्या पासवर्डांची संख्या, स्वतः बदलण्याची मुभा, मुदत संपल्यावर अ‍ॅडमिनकडेच जावं लागेल का ते. सगळं उघड लिहायचं, मूळ किमतीशी जुळत असलं तरीही. ही एकच फाइल, रिपॉझिटरीत, बदल करायचा तर दोघांच्या मंजुरीने.

## सूट कोणाला द्यायची

आता ही फाइल ३६ मेंबर अकाउंटांत पोहोचवायची. टेराफॉर्म या क्लाउडची मांडणी कोडमधून करणाऱ्या साधनात यासाठी तयार रिसोर्स आहे. पण नवीन अकाउंट ओयूमध्ये (ऑर्गनायझेशनमधल्या अकाउंटांच्या उपगटात) येताच आपोआप सगळं लागावं अशी आमची इच्छा होती, आणि एकच मांडणी अनेक अकाउंटांत चढवणाऱ्या स्टॅकसेट्समध्ये ती सोय आहे. अडचण अशी की स्टॅकसेट्स ज्यावर चालतात त्या क्लाउडफॉर्मेशनमध्ये पासवर्ड पॉलिसीसाठी तयार रिसोर्स नाही. म्हणून आम्ही प्रत्येक अकाउंटात एक छोटं लॅम्डा, म्हणजे हाक मारली की चालणारा कोडचा तुकडा, ठेवलं. स्टॅक चढला की ते चालतं आणि पॉलिसी लिहितं.

सगळीकडे पॉलिसी बसली. मग एससीपी पुन्हा जोडली, यावेळी अपवादासह: ज्या रोलचं (तात्पुरते अधिकार घेऊन काम करायच्या ओळखीचं) नाव ‘स्टॅकसेट्स-एक्झेक’ने सुरू होतं त्याला मनाई नाही. स्टॅकसेट्स मेंबर अकाउंटात याच नावाच्या रोलने काम करतात, म्हणून तर्क ठीक वाटला. आठवड्याभराने फाइलमधली एक किंमत बदलली आणि सगळी अकाउंटं एकाच वेळी लाल झाली.

चूक शोधायला क्लाउडट्रेलची, म्हणजे कोणी काय केलं हे टिपणाऱ्या सेवेची, नोंद उघडावी लागली. पॉलिसी बदलायला येणारा हात स्टॅकसेट्सच्या रोलचा नव्हताच. स्टॅकसेट्सने लॅम्डा उभं केलं. पुढे एपीआयला हाक मारली ती लॅम्डाच्या स्वतःच्या रोलने. एससीपीच्या लेखी तो कोणीतरी परका. पहिल्यांदा चाललं, कारण तेव्हा एससीपी जोडलेलीच नव्हती.

मग लॅम्डाच्या रोलचं नाव अपवादात घातलं आणि गाडी पुन्हा चालू लागली. इथेच थांबलो असतो, तर अहवालाची ओळही पूर्ण झाली असती. पण एका बाईंनी, आमच्या टीममधल्या सगळ्यांत ज्येष्ठ, विचारलं: "त्या नावाचा रोल मी माझ्या अकाउंटात बनवला तर?"

बनवता आला असता. अपवाद नावावर आहे, आणि मेंबर अकाउंटाचा अ‍ॅडमिन त्या नावाचा रोल बनवू शकतो, किंवा असलेला रोल कोणाला वापरता येईल ते बदलू शकतो. तेही नको असेल तर स्वतःचं लॅम्डा लिहून त्याच्या हातात आमचा रोल देऊ शकतो. कुंपणानेच शेत खावं तशी सोय आम्ही करून ठेवली होती. मी पाहिलेल्या अनेक एससीपींमध्ये हे भोक असतं: मनाई काळजीपूर्वक लिहिलेली, आणि अपवादाला राखण नाही.

भोक बुजवायला लागलो तशी यादी लांबत गेली. रोल बनवायला मनाई, बदलायला मनाई, तो लॅम्डाला द्यायला मनाई, लॅम्डाचा कोड बदलायला मनाई. प्रत्येक मनाईला पुन्हा स्टॅकसेट्सचा अपवाद. वाचताना दमछाक होईल अशी पॉलिसी सहा महिन्यांनी कोणी दुरुस्त करायला घेतली, तर तो काहीतरी मोडणारच. म्हणून लॅम्डाच काढून टाकलं.

शेवटी उरलेली रचना अशी. सुरक्षेसाठी वेगळं ठेवलेलं एक अकाउंट आहे. तिथे रोज रात्री एक जॉब चालतो. स्टॅकसेटने प्रत्येक मेंबर अकाउंटात एक रोल ठेवलेला आहे, ज्यावर फक्त त्या सुरक्षा अकाउंटातल्या जॉबचा हक्क आहे आणि ज्याला पासवर्ड पॉलिसी वाचणं-लिहिणं एवढंच जमतं. जॉब आधी वाचतो, फाइलशी ताडून पाहतो, फरक असेल तरच लिहितो. आधी रोज सरसकट लिहीत होतो, पण त्यामुळे नोंदींत इतका गोंगाट झाला की खरा बदल हरवायला लागला. ऑर्गनायझेशनने उघडलेल्या अकाउंटांत ‘ऑर्गनायझेशन अकाउंट अ‍ॅक्सेस रोल’ आयताच असतो, तो वापरा असा सल्ला मिळाला होता. त्याच्याकडे पूर्ण अ‍ॅडमिनचे अधिकार असतात. एका सेटिंगसाठी अख्ख्या घराची किल्ली रोज रात्री फिरवायची हे मला पटलं नाही.

एससीपीत तीन कलमं आहेत. पहिलं: पासवर्ड पॉलिसी बदलणं आणि पुसणं, आमच्या रोलखेरीज सगळ्यांना मनाई. दुसरं: आमचा रोल बनवणं, बदलणं, पुसणं, स्टॅकसेट्सच्या रोलखेरीज सगळ्यांना मनाई. तिसरं: ‘स्टॅकसेट्स-एक्झेक’ने सुरू होणारे रोल बनवायला किंवा बदलायला सगळ्यांनाच मनाई. तिसऱ्या कलमामुळे स्टॅकसेट्सच अडतील अशी भीती होती. पण ते रोल बनवतो तो सर्व्हिस-लिंक्ड रोल, म्हणजे एडब्ल्यूएसच्या सेवेचा स्वतःचा रोल, आणि अशा रोलवर एससीपी चालत नाही. या एका सवलतीमुळे साखळी कुठेतरी संपते.

एक बारीक गोष्ट, जिने आमचा एक तास खाल्ला: अपवादात रोलचा पूर्ण एआरएन (एडब्ल्यूएसमधला पूर्ण पत्ता) जुळवला जातो आणि त्यात पाथही, म्हणजे नावाआधीचा फोल्डरसारखा भागही, येतो. रोल एखाद्या पाथखाली बनवला असेल आणि अपवादात नुसतं नाव असेल, तर जुळत नाही. या वेळी कुलूप आधी दोन अकाउंटांच्या चाचणी-ओयूवर आठवडाभर ठेवलं, मग बाकीच्यांवर.

## दिव्याखाली अंधार

आता मॅनेजमेंट अकाउंट. एससीपी त्याला लागूच होत नाही. ऑर्गनायझेशनच्या परवानगीने चालणारे स्टॅकसेट्सही त्याच्यात स्टॅक चढवत नाहीत. म्हणजे सगळ्यांत जास्त ताकद असलेल्या अकाउंटात आमचं कुलूपही नव्हतं आणि रोलही नव्हता. मोजणीत तिथे चार आयएएम युजर निघाले, त्यातले दोन अ‍ॅडमिन.

इथे कुठलीही युक्ती चालत नाही. पॉलिसी हाताने, वेगळ्या स्टॅकमधून लावली. चारपैकी तिघांना आयडेंटिटी सेंटरवर नेलं. चौथा एका जुन्या बिलिंग स्क्रिप्टचा होता. त्याला कन्सोलचा (ब्राउझरमधून लॉगिन करायचा) पासवर्ड हवाच कशाला, म्हणून तो काढून घेतला. मॅनेजमेंट अकाउंटात काम चालवूच नये हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. आम्हीही वाचला होता.

रूट युजरचा विषय त्याच आठवड्यात निघाला. पासवर्ड पॉलिसी त्याच्यावर चालत नाही, पण मेंबर अकाउंटातल्या रूटवर एससीपी चालते. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून मेंबर अकाउंटांतले रूटचे पासवर्ड आणि किल्ल्या मध्यवर्ती जागेवरून काढून टाकता येतात. ते केलं आणि तो विषय तिथेच मिटला.

## जुने पासवर्ड

सगळी अकाउंटं हिरवी झाली. ऑडिटर बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आता कोणाचाही पासवर्ड १४ अक्षरांपेक्षा लहान नाही, असं तुम्ही लिहून देता?"

नाही देऊ शकत. लांबीचा आणि अक्षरप्रकारांचा नियम पुढच्या वेळी पासवर्ड बदलताना लागतो. आज आठ अक्षरांचा पासवर्ड असलेला माणूस उद्याही त्याच पासवर्डने आत येतो. आणि कोणाचा पासवर्ड किती लांब आहे, हे कुठल्याही अहवालात नसतं, नसावंही.

पण आडवाटेने कळतं. आयएएमच्या क्रेडेन्शियल रिपोर्टमध्ये, म्हणजे युजरांच्या पासवर्ड-किल्ल्यांच्या अहवालात, प्रत्येक युजरचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला याची तारीख असते. त्या अकाउंटात नवी पॉलिसी बसल्यानंतरची तारीख असेल, तर तो पासवर्ड नियमात बसणाराच आहे, कारण बसला नसता तर घेतलाच गेला नसता. अ‍ॅडमिनने दुसऱ्यासाठी लावलेला पासवर्डही याच चाळणीतून जातो. तारीख आधीची असेल तर काही सांगता येत नाही. आमच्या यादीत अशी नावं बरीच होती.

इथे मला माझंच म्हणणं गिळावं लागलं. पासवर्ड दर ९० दिवसांनी बदलायला लावणं मला पटत नाही. लोक शेवटचा अंक एकने वाढवतात आणि पुढे जातात. अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने विनाकारण ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. सुरक्षेचे मापदंड ठरवणाऱ्या सीआयएस या संस्थेच्या एडब्ल्यूएस बेंचमार्कच्या १.२ आवृत्तीत ९० दिवसांचा नियम होता, १.४ मध्ये तो नाही, लांबी १४ आणि जुने पासवर्ड २४ हे मात्र कायम आहेत. कार्ड पेमेंटवाल्यांच्या पीसीआय डीएसएस ४.० मध्येही ९० दिवसांची अट आहे ती पासवर्ड हाच एकमेव पुरावा असेल तेव्हाची. हे सगळं मी ऑडिटर बाईंपुढे मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण तुमच्या स्वतःच्या अंतर्गत धोरणात ९० लिहिलंय. आधी ते बदलून आणा." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

गंमत अशी की हीच मुदत कामाला आली. लांबीचा नियम पुढच्या बदलाची वाट पाहतो. मुदतीचा नियम तत्काळ लागतो. ९० दिवस घातल्याबरोबर त्याहून जुना पासवर्ड असलेला प्रत्येकजण पुढच्या लॉगिनला नवा पासवर्ड ठेवायच्या पानावर जातो, आणि नवा ठेवताना १४ अक्षरं लागतात. जुने पासवर्ड हुसकून काढायला याहून सोपं हत्यार मला माहीत नाही. म्हणूनच ते सगळीकडे एकाच दिवशी चालवलं नाही. अकाउंटांचे गट केले, आधी निरोप दिले, महिनाअखेरीचे दिवस टाळले. मुदत संपल्यावर अ‍ॅडमिनशिवाय बदलता येणार नाही असा एक कडक पर्याय आहे, तो मुद्दाम बंद ठेवला. ज्या अकाउंटात अ‍ॅडमिन एकच आणि त्याचाच पासवर्ड जुना, तिथे तो पर्याय म्हणजे स्वतःला बाहेर कोंडून घेणं. प्रोग्रामना लागणाऱ्या किल्ल्या, म्हणजे अ‍ॅक्सेस की, या मुदतीच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे चालू यंत्रणा बंद पडायची भीती नव्हती. तरी ती भीती तीन टीमनी तीन वेळा बोलून दाखवली.

मुदत संपलेला पासवर्ड म्हणजे निकामी पासवर्ड, असा समज आमच्याकडेही होता. तसं नसतं. जुना पासवर्ड ज्याला ठाऊक आहे तो त्याने आत येतो, आणि त्यालाच नवा ठेवायला सांगितलं जातं. मग तो खरा मालक असो वा नसो. सोडून गेलेल्या सल्लागाराचं लॉगिन वर्षभर पडून असेल, तर मुदत त्याचं काहीच वाकडं करत नाही. अशा युजरांची यादी रिपोर्टातल्या शेवटच्या वापराच्या तारखेवरून काढली आणि त्यांचे कन्सोलचे पासवर्ड सरळ पुसून टाकले. ते दोन अनोळखी युजरही त्यातच गेले. कोणाचाच फोन आला नाही.

## पहारा

कुलूप आणि रात्रीचा जॉब असताना पहारा कशाला, असं विचारलं गेलं. जॉबच बंद पडला तर? कोणी एससीपीच काढली तर? आम्हीच एकदा काढली होती.

एडब्ल्यूएस कॉन्फिग या सेटिंगांवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेत पासवर्ड पॉलिसी तपासणारा तयार नियम आहे आणि योगायोगाने त्याच्या मूळ किमती १४, २४ आणि ९० अशाच आहेत. स्वतःची पॉलिसी नसलेल्या अकाउंटाला तो नापास करतो, म्हणजे आमच्या स्क्रिप्टपेक्षा शहाणा. पण ज्या अकाउंटात कॉन्फिगचं रेकॉर्डिंगच चालू नाही तिथे तो बसतच नाही, आणि ते अकाउंट एकत्रित चित्रात दिसत नाही. पुन्हा तेच, न आलेली ओळ. दोन अकाउंटं अशी निघाली.

शिवाय कोणी पॉलिसी बदलायचा प्रयत्न केला की लगेच कळावं, अडवला गेला तरी, म्हणून इव्हेंटब्रिजचा, म्हणजे घटना घडताच कळवणाऱ्या सेवेचा, नियम लावला. आठवडाभर तो गप्प होता. आम्ही खूश होतो. मग चाचणी म्हणून स्वतःच प्रयत्न करून पाहिला, तरी गप्प. आयएएम ही जागतिक सेवा असल्याने तिच्या नोंदी उत्तर व्हर्जिनियाच्या रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या तिथल्या केंद्रात) पडतात. आमचा नियम आम्ही रोज काम करतो त्या रीजनमध्ये कान लावून बसला होता. हलवला आणि पहिल्याच दिवशी वाजला. पासवर्ड लहान करू पाहणारा कोणी नव्हता. एका टीमचा जुना टेराफॉर्म कोड दर रात्री स्वतःची पॉलिसी लिहायला जात होता आणि दर रात्री अडत होता. तो कोड त्यांनी काढून टाकला.

## आज

अंतर्गत धोरणातला ९० चा आकडा बदलण्याचा प्रस्ताव मी दिला आहे. तो समितीपुढे आहे. दरम्यान नव्या अकाउंटांच्या ओयूवर आणखी एक एससीपी आली: ‘क्रिएट लॉगिन प्रोफाइल’ला मनाई, म्हणजे आयएएम युजरला कन्सोलचा पासवर्ड देताच येणार नाही. जुनी अकाउंटंही टीम एकेक करून त्या ओयूत सरकवत आहेत. आणीबाणीसाठी ठेवलेले दोन युजर वेगळ्या अकाउंटात आहेत, हार्डवेअर एमएफए (पासवर्डखेरीज लागणारं दुसरं, हातातलं उपकरण) यांच्यासकट, आणि ते वापरले गेले की आम्हा सगळ्यांचे फोन वाजतात.

ज्या टीमच्या मेसेजने हे सुरू झालं, त्यांच्या अकाउंटात आता पासवर्ड असलेला एकही आयएएम युजर नाही. तिथली १४ अक्षरांची पॉलिसी मात्र रोज रात्री नियमाने तपासली जाते.